२९ पौंडांत विम्बल्डनचं भाकीत : एका पेड टिप्स चॅनलचं इन्स्पेक्शन

भाच्याने २९ पौंड भरले आणि वही मी घातली. पैसे त्याचे, कष्ट माझे, तेव्हा हा रिव्ह्यू दोघांच्या वतीने समजा.

मी मूळची लालबागची. बँकेत सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा इन्स्पेक्शनमध्ये. शाखेत पोचलं की मॅनेजर चहा सांगायचा आणि मी आधी कॅश मोजायला घ्यायचे. चहा गार व्हायचा. रिटायर झाल्यापासून उन्हाळ्यात मुलीकडे लंडनमधल्या हॅरोला असते, टेनिस बघते, आणि शनिवार-रविवारी भाचा जेवायला येतो. इथे एमएस्सी करतोय, चोवीस वर्षांचा आहे, हुशार आहे. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण पुढे वाचताना तुम्हाला शंका येईल.

२०२५ च्या विम्बल्डनच्या आदल्या शनिवारी तो आमटी-भात जेवता जेवता म्हणाला, "मावशी, टेलिग्रामवर एक चॅनल घेतलंय. टेनिसच्या मॅचची प्रेडिक्शन्स देतात. शंभरातल्या ब्याऐंशी बरोबर येतात."

"कोणी मोजल्या?"

"म्हणजे?"

"ब्याऐंशी. मोजल्या कोणी?"

त्याने भात गिळला आणि फोनवरचं पोस्टर दाखवलं. हिरव्या रंगात '८२%', खाली रॅकेट, शेजारी नोटांचा गठ्ठा. एवढाच पुरावा. मी कपाटातून मुलीची एक कोरी वही काढली.

ठरलं ते असं. चॅनल सांगेल ती प्रत्येक टिप मी वेळ टाकून वहीत उतरवायची, त्यांनीच दिलेला भाव (जिंकल्यास एका पौंडाचे किती परत मिळतात तो आकडा) लिहायचा, आणि प्रत्येकीवर कागदावरचे दहा पौंड लावायचे. खरे पैसे मी एकदाही लावले नाहीत. भाचा खरे लावत होता, थोडे थोडे. इंग्लंडात अठरा वर्षांवरच्याला ते कायद्याने चालतं. आमच्या कोपऱ्यावर बेटिंगचं दुकान, शेजारी चिप्सचं, त्याच्या शेजारी औषधांचं. भारतातल्या वाचकांनी मात्र हे निव्वळ वाचण्यापुरतंच घ्यावं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती, दोन्ही बंद आहेत.

चॅनलचं नाव देत नाही. एकतर अशी चॅनल्स पैशाला पासरी आहेत, आणि दुसरं म्हणजे एक बुडालं की तेच लोक नव्या नावाने उगवतात.

आता २९ पौंडांत मिळतं काय? सकाळी साडेनऊच्या आसपास फोन टुणटुणायला लागतो. मॅचमागे एक मेसेज : कोण जिंकणार, किती सेटमध्ये, आमचा विश्वास दहापैकी किती, किती 'युनिट' (पैजेचं ठरावीक माप) लावा, आणि खाली बुकमेकरची, म्हणजे पैजा घेणाऱ्या दुकानाची, लिंक. सोबत एक पीडीएफ, त्यात सामन्याचं 'सखोल विश्लेषण'. पीडीएफ दिसायला देखणी आहे. झेंडे, आलेख, खेळाडूंचे फोटो. पण तीन दिवस वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की 'गवतावर पहिली सर्व्हिस निर्णायक ठरते' हे वाक्य रोज येतं, फक्त त्यातली नावं बदलतात. एकदा तर तीही बदलली नव्हती. एका बाईंच्या सामन्याच्या विश्लेषणात 'तो' बेसलाइनवरून खेळत होता.

लहानपणी आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक काका होते. गिरणीतून आले की ओट्यावर मटक्याचा चार्ट पसरायचे आणि लाल पेन्सिलीने गोल करत बसायचे. मटक्याची सुरुवात झाली कापसापासून. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे, त्यावर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं आणि मग मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. चिठ्ठीला मागचापुढचा इतिहास नसतो, पण काकांकडे दोन वर्षांचे चार्ट जपून ठेवलेले होते आणि 'शनिवारी सत्ता येतोच', म्हणजे सातचा आकडा, असं ते छातीठोक सांगायचे. टेनिसची गोष्ट वेगळी आहे हे मान्य. इथे खेळाडू चिठ्ठ्या नाहीत, फॉर्म असतो, दुखापत असते, कोर्ट कोणतं त्याने फरक पडतो. पण पीडीएफमधले ते लाल-हिरवे गोल बघितले की मला काकांची पेन्सिल आठवायची. एवढं बोलून पुढे जाते.

पहिला सोमवार, ३० जून. विम्बल्डनचा आजवरचा सर्वात तापलेला पहिला दिवस, ३२ अंशांच्या वर. लंडनचे ३२ म्हणजे आपल्याकडचे ३२ नव्हेत. घरं उष्णता धरून ठेवणारी, एसी नाही, एकच टेबलफॅन आणि तोही जावयाच्या पायांकडे फिरवलेला. सेंटर कोर्टवर अल्काराझ आणि फोग्निनी. एक गतविजेता, दुसरा ३८ वर्षांचा, कारकीर्द संपवायच्या बेतात. अल्काराझ नुसता जिंकेल असं लावलं तर शंभर पौंडांवर हाती जेमतेम एखाद-दुसरा पौंड. म्हणून चॅनलने सांगितलं, 'अल्काराझ ३-०, विश्वास ९/१०'.

सामना पाच सेट चालला. साडेचार तासांहून जास्त. पाचव्या सेटमध्ये प्रेक्षकांतल्या एका बाईंना उन्हाने चक्कर आली, तेव्हा अल्काराझ पाण्याची बाटली घेऊन तिकडे गेला. तो जिंकला, पण टिप गेली. भाचा म्हणाला, "मावशी, तसे ते बरोबरच होते ना? अल्काराझच जिंकला." मी वहीत फुली मारली. आमच्याकडे व्हाउचरवर 'तसं बरोबर' असा शेरा नसतो.

इथेच या सेवेचा पहिला मोठा दोष दिसतो. कोण जिंकणार हे सांगणं टेनिसमध्ये तुलनेने सोपं असतं, मानांकन बघितलं तरी बऱ्याचदा चालतं. पण जे सोपं असतं त्याचा भाव मिळत नाही. मग भाव वाढवायला ते अचूक सेट, अचूक गेम असलं अवघड काहीतरी सांगायला जातात. फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदानात स्वतःचा हिशेब सांगितला होता : १५२६ एकेरी सामने, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकले, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे फेडररसारखा फेडररसुद्धा शंभरातले शेहेचाळीस पॉइंट हरायचा. एवढ्या बारीक फरकावर उभा असलेला खेळ, त्यात सेट ३-० की ३-१ हे सकाळी साडेनऊला दहापैकी नऊ विश्वासाने सांगणारा माणूस एकतर फार मोठा आहे किंवा २९ पौंड घेणारा आहे.

सोमवारी सकाळी आणखी एक मेसेज आला होता, 'सेफ ट्रेबल'. तीन सामने एका पावतीवर, तिन्ही जिंकले तरच पैसे. झ्वेरेव्ह, कोको गॉफ, जेसिका पेगुला. पुरुषांत झ्वेरेव्ह तिसरा मानांकित, बायकांत गॉफ दुसरी आणि पेगुला तिसरी. गॉफ तीन आठवड्यांपूर्वी फ्रेंच ओपन जिंकून आलेली. पेगुला दोन दिवसांपूर्वीच बाड होम्बुर्गला गवतावरची स्पर्धा जिंकून आलेली, तीही फायनलमध्ये श्वियाँटेकला हरवून. विश्वास ९/१०, युनिट पाच. भाच्याने वीस पौंड लावले.

झ्वेरेव्हचा सामना सोमवारी रात्री एकेक सेट झाल्यावर थांबला. मंगळवारी तो पाच सेटमध्ये रिंडरक्नेशकडून हरला. त्याच दिवशी पेगुला कोच्चारेतोकडून ६-२, ६-३ अशी तासाभरात बाहेर. संध्याकाळी गॉफ यास्त्रेम्स्काकडून हरली, दुसरा सेट ६-१. तिघांपैकी एक तरी? एकही नाही. भाच्याचा फोन नऊच्या सुमारास आला, तेव्हा तो हसत होता. हसण्यात जरा पाणी होतं.

आता निव्वळ नशीब वाईट म्हणून सोडून देता आलं असतं. पुरुष-महिला मिळून २३ मानांकित त्या पहिल्या फेरीत गारद झाले. पण पेगुलाच्या पीडीएफमध्ये तिची शनिवारची फायनल 'उत्तम लय' म्हणून लिहिली होती. शनिवारी जर्मनीत फायनल, मंगळवारी लंडनमध्ये पहिली फेरी. मध्ये प्रवास, सामानाची आवराआवर, नवं कोर्ट. टेनिस बघणाऱ्याला ही धोक्याची घंटा ऐकू यायला हवी. गॉफचंही तसंच. पॅरिसच्या मातीवरून आलेल्या खेळाडूला गवताची सवय व्हायला सामने लागतात. चॅनलवाल्यांनी दोन्हीकडे ताज्या विजयाला नुसते गुण दिले.

आणि ट्रेबल या प्रकाराबद्दल हिशेबनीस म्हणून एक सांगते. समजा दोघी तुल्यबळ आहेत. खरा भाव दोन्हीकडे २.०० हवा. बुकमेकर देतो १.९१. म्हणजे दोन्ही बाजूंची शक्यता बेरीज केली तर १०० ऐवजी जवळजवळ १०५ भरते. वरचे ते पाच म्हणजे दुकानाचं भाडं, दिवे आणि नफा. एका सामन्यावर ते साधारण साडेचार-पाच टक्के. तीन सामने एका पावतीवर बांधले की ते कापणं तीनदा होतं, जवळपास तेरा टक्क्यांवर जातं. त्याला चॅनल 'सेफ' म्हणतं.

बुधवारी सकाळी भाचा म्हणाला, "मावशी, तो ट्रेबलचा मेसेज सापडत नाहीये." मी म्हटलं, नीट वर सरकव. त्याने सरकवलं. सोमवारचे बाकीचे मेसेज होते, जिंकलेल्यांवर हिरव्या खुणा होत्या, ट्रेबल तेवढा नव्हता. माझ्या वहीत होता : सोमवार, ३० जून, ९ वाजून ४१ मिनिटं. अकरा वर्षं इन्स्पेक्शन केलेल्या बाईला यासारखा आनंद दुसरा नाही. लेजरचं पान फाडलेलं सापडावं तसा.

मंगळवारच्या रात्रीची आणखी एक गोष्ट लिहायला बरी वाटत नाही, पण रिव्ह्यू म्हटला की लिहायला हवी. चॅनलला जोडलेला एक ग्रुप आहे, सभासदांसाठी. गॉफ हरल्यावर तिथे तिच्याबद्दल जे लिहून येत होतं ते भाच्याने मला वाचू दिलं नाही, फोन पालथा ठेवला. ॲडमिन तिथेच होते, दुसऱ्या दिवसाच्या टिप्सची जाहिरात करत होते. एकालाही काढलं नाही. डब्ल्यूटीए (महिला टेनिसची संघटना) आणि आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) यांनी जून २०२५ मध्ये खेळाडूंना ऑनलाइन होणाऱ्या शिवीगाळीचा अहवाल दिला होता, त्यात २०२४ मधल्या अशा मजकुरापैकी सुमारे ४० टक्के पैसे हरलेल्या जुगाऱ्यांकडून आला असं म्हटलंय. ते लोक बसतात कुठे, हे मला त्या रात्री कळलं. याचा एक पूर्ण तारा मी कापला आहे.

आता चांगलं काय ते. कारण चांगलं होतं, आणि ते मनापासून लिहिते.

३ जुलै, दुसरी फेरी, जॅक ड्रेपर विरुद्ध मारिन चिलिच. ड्रेपर चौथा मानांकित आणि इंग्लंडचा लाडका. चॅनलने सांगितलं, 'चिलिच किमान एक सेट घेईल, ७/१०'. आणि त्या दिवशीची पीडीएफ खरंच वाचण्यासारखी होती. लिहिलं होतं की चिलिच ३६ वर्षांचा असला तरी जूनमध्ये नॉटिंगहॅमला गवतावरची चॅलेंजर (मुख्य स्पर्धांच्या एक पायरी खालची) स्पर्धा जिंकून आलाय, म्हणजे त्याला गवताची सवय झालीये आणि मधे विश्रांतीही मिळालीये. आणि दुसरं, घरच्या खेळाडूवर घरचे लोक प्रेमाने पैसे लावतात, त्यामुळे ड्रेपरचा भाव त्याच्या खऱ्या शक्यतेपेक्षा खाली गेलाय, समोरच्याचा वर. हे मला पटलं. हे ज्याने लिहिलं त्याला टेनिसही कळतं आणि बाजारही. चिलिचने एक सेट नाही, सामनाच घेतला, चार सेटमध्ये. वहीत मी टिकमार्क केली आणि पुढे 'उत्तम' असं लिहिलं. वहीतला हा एकमेव 'उत्तम'.

चिलिचबद्दल माझा जरा पक्षपात आहे. २०१८ च्या जानेवारीत महाराष्ट्र ओपन पहिल्यांदा बालेवाडीला झाली, तेव्हा मी रजा काढून पुण्याला गेले होते. चिलिच अव्वल मानांकित. सेमीफायनलला समोर जिल सिमॉन. माझ्याबरोबर आलेला बँकेतला सहकारी म्हणाला, सिमॉन जिंकेल. मी म्हटलं, काहीतरीच, वडापावची पैज. चिलिचने पहिला सेट ६-१ घेतला आणि मी वडापावाला चटणी कोणती सांगायची ते ठरवत होते. पुढचे दोन्ही सेट सिमॉनने घेतले, आणि दुसऱ्या दिवशी केविन अँडरसनला हरवून स्पर्धाही. माझ्या आयुष्यातली ती पहिली पैज. सहकाऱ्याला सिमॉन का वाटला ते मी नंतर विचारलं, तर म्हणाला, "सकाळी सरावाला बघितला, हसत होता." आलेख नाही, झेंडे नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात सेवेची गुणवत्ता घसरली. लिहिणारा बहुतेक बदलला, किंवा थकला.

७ जुलै, सिनर विरुद्ध दिमित्रोव्ह, चौथी फेरी. टिप : 'सिनर जिंकणार, ९/१०'. दिमित्रोव्ह असा खेळला की मी पोळ्या टाकायच्या सोडून उभी होते. ६-३, ७-५, दोन सेट वर. तिसऱ्यात २-२ असताना सर्व्हिस केली, उजव्या बाजूला छाती धरली आणि खाली बसला. सामना सोडला. सिनर पुढे गेला. त्याच्या डोळ्यांतही आनंद नव्हता.

चॅनलने लगेच हिरवी खूण केली, 'आणखी एक विजय!'. भाच्याच्या खात्यात मात्र लावलेले पैसे तसेच परत आले, वर काही नाही. त्याच्या रूममेटने दुसऱ्या बुकमेकरकडे तीच टिप लावली होती, त्याला जिंकल्याचे पैसे मिळाले. दोघं माझ्याकडे भांडत आले. भानगड अशी आहे की खेळाडूने सामना अर्धवट सोडला तर काय करायचं याचा प्रत्येक दुकानाचा नियम वेगळा. कुणी म्हणतं सामना पूर्ण झाला नाही तर पैज रद्द. कुणी म्हणतं एक सेट पूर्ण झाला असेल तर पुढे जाणारा विजेता. कुणाला एक चेंडू पडला तरी पुरतो. टेनिसच्या पैजेत हा नियम माहीत असणं फोरहँडइतकं महत्त्वाचं आहे, आणि पंधरा दिवसांच्या एकाही पीडीएफमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. बरं, दिमित्रोव्हची ही सलग पाचवी ग्रँड स्लॅम होती जी त्याने सामना अर्धवट सोडून संपवली. बिचाऱ्याचं दुर्दैव. पण त्याच्या सामन्याचं भाकीत विकणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायला नको? मी ती टिप हिशेबातच धरली नाही. ना नफा, ना तोटा.

त्या सामन्यात सिनर पडला होता, उजवं कोपर दुखावलं होतं. चॅनलला आता कोपराने झपाटलं. सिनर-शेल्टन सामन्याला टिप : 'शेल्टन किमान एक सेट घेईल, ८/१०'. सिनर सरळ तीन सेटमध्ये जिंकला. महिलांच्या फायनलला श्वियाँटेक आणि ॲनिसिमोव्हा : 'चुरशीचा सामना, एकूण २१ किंवा जास्त गेम'. ६-०, ६-०. बारा गेम, ५७ मिनिटं. विम्बल्डनच्या महिला फायनलमध्ये असा निकाल याआधी १९११ मध्ये लागला होता, तेव्हा हे कोणाला दिसलं नसतं हे मान्य. पण त्या सकाळी 'चुरस' या शब्दावर सहा युनिट लावायला सांगणं म्हणजे जरा जास्तच.

भावाबद्दलही एक तक्रार. मेसेजमध्ये लिहिलेला भाव भाच्याला क्वचितच मिळाला. मोठ्या सामन्यांत फरक पडायचा नाही, पण बाजूच्या कोर्टवरच्या अनोळखी नावांवर टिप आली की सगळे सभासद एकदम तिथे जाऊन पडायचे. मेसेजमध्ये १.६२, हा लिंक उघडेपर्यंत १.५०. चॅनलची आकडेवारी अर्थातच १.६२ वर चालते. लवकर उठणाऱ्याला जास्त मिळतं म्हणावं, तर हा साडेदहाला उठतो.

आता वही मिटते. दिमित्रोव्हचा सामना सोडून पंधरा दिवसांत ४० टिप्स. बरोबर २८, चूक १२. म्हणजे शंभरातल्या सत्तर. वाईट नाही हो, माझी स्वतःची कुवत इतकी नसेल. प्रत्येकीवर दहा पौंड धरले तर लावले ४००. परत आले ३८६ पौंड ४० पेन्स.

हे वाचून भाचा गप्प झाला. शंभरातल्या सत्तर बरोबर आणि तरी साडेतेरा पौंड आत, हे त्याच्या गळी उतरेना. मी त्याला पेन्सिल दिली. जिंकलेल्या टिप्सचा सरासरी भाव १.३८. त्या भावात नुसतं बरोबरीत राहायला शंभरातल्या साडेबहात्तर टिप्स बरोबर यायला लागतात. सत्तर पुरत नाहीत. ८२ चं ते हिरवं पोस्टर खरं असतं तरी भाव किती हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नव्हता. १.१० च्या भावाने ब्याऐंशी बरोबर आणले तर माणूस बुडतो. वरून २९ पौंड फी, म्हणजे कागदावरचा तोटा ४२ पौंड ६०. भाच्याचा खरा तोटा त्याहून जास्त होता, किती ते मी त्याच्या आईला कळू नये म्हणून लिहीत नाही.

स्पर्धा संपल्यावर चॅनलचं नवं पोस्टर आलं : '३३ पैकी २९, ८८%'. मी चष्मा पुसून घेतला. चाळीसच्या तेहेतीस कशा झाल्या? बसून जुळवलं. हरलेल्या बारा टिप्सपैकी आठ चॅनलवरून गायब. उरलेल्या चार ठेवल्या होत्या, प्रामाणिकपणाच्या नमुन्यादाखल. आणि दिमित्रोव्ह विजयात धरलेला. अठ्ठावीस अधिक एक, एकोणतीस. बेरीज बिनचूक होती, ते मात्र सांगायला हवं.

कस्टमर सर्व्हिस : मी भाच्याच्या नावाने ईमेल लिहून सगळ्या टिप्सची तारीखवार यादी मागितली. चोवीस तासांत उत्तर आलं, अत्यंत गोड भाषेत. संपूर्ण रेकॉर्ड 'व्हीआयपी' सभासदांनाच मिळतं, ७९ पौंड महिना, आज घेतलंत तर सवलत. यादीबद्दल पुन्हा विचारलं, पुन्हा सवलत. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तर नाही.

आणि ती प्रत्येक मेसेजखालची बुकमेकरची लिंक. पीडीएफच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात लिहिलंय की या लिंकवरून खातं उघडल्यास चॅनलला कमिशन मिळू शकतं. या धंद्यात सर्रास चालणारी एक पद्धत अशी की लिंकवरून आलेला गिऱ्हाईक पुढे जितका हरेल त्यातला काही टक्का लिंकवाल्याला मिळतो. या चॅनलचा करार नेमका तसाच आहे असं माझं म्हणणं नाही, कागद मी बघितलेला नाही. पण तसा असला तर भाच्याच्या हरण्यात त्यांचा हिस्सा, आणि जिंकवायचे २९ पौंड वेगळे. बँकेत आम्ही अशा माणसाला एकाच टेबलावर पासिंग (मंजुरी) आणि पेमेंट दोन्ही देत नसू.

पाचपैकी दीड तारा. एक चिलिचसाठी, अर्धा पीडीएफच्या आलेखांसाठी.

राहिली पुरुषांची फायनल, १३ जुलै, अल्काराझ विरुद्ध सिनर. चॅनल : 'अल्काराझ ३-१, ८/१०'. कारणं दणकट होती. एकमेकांविरुद्ध ८-४, त्यातले शेवटचे पाचही अल्काराझचे. सलग २४ सामने जिंकलेला. सलग दोन विम्बल्डन खिशात. आणि पाच आठवड्यांपूर्वी पॅरिसला सिनरने तीन चॅम्पियनशिप पॉइंट घालवून साडेपाच तासांची फायनल हरलेली, 'मनाने खचलेला'. भाचा हे सगळं मला वाचून दाखवत होता. मी म्हटलं, गवतावर हे दोघं किती वेळा खेळले ते लिहिलंय का? नव्हतं लिहिलं. एकदाच खेळले होते, २०२२ ला, इथेच, चौथ्या फेरीत. सिनर चार सेटमध्ये जिंकला होता. तो सामना मी लालबागच्या घरी बघितला होता, म्हणून लक्षात.

"मग लाव ना," भाचा म्हणाला.

"वडापाव," मी म्हटलं. "लसणाची चटणी, दोन मिरच्या."

पहिला सेट अल्काराझने ६-४ घेतला तेव्हा मला बालेवाडी आठवली, फक्त या वेळी मी दुसऱ्या बाजूला बसले होते. पुढचे तिन्ही सेट सिनरने ६-४, ६-४, ६-४ असे एका मापाचे कापून घेतले. पुढच्या शनिवारी भाचा मला घेऊन गेला. हॅरोला वडापाव मिळतो, पाव जरा गोड असतो, पण मिरची तळलेली देतात. पैसे देताना म्हणाला, "मावशी, अल्काराझ चॅनलने सांगितला होता. अर्धे त्यांच्याकडून घे."

मी दुसरी मिरची मागितली.